मावशींना शिसारी आली

पुरुषांच्या वॉर्डात त्या आयाचं काम करत, आणि वॉर्डातले सगळे त्यांना मावशी म्हणत. त्यांच्यापेक्षा वयाने मोठे असलेले पेशंटही मावशीच म्हणत. शौचाचं भांडं देणं, ते उचलणं, चादरी बदलणं, अंग पुसणं, उलट्या साफ करणं हे त्यांचं रोजचं काम. नव्या पोरी कामाला लागल्या की सुरुवातीला नाकाला रुमाल बांधून फिरत आणि डबा न खाताच घरी नेत. मावशी एखाद्याचं सगळं आवरून, हात कोपरापर्यंत घासून धुऊन, शांतपणे डबा उघडून बसत. ‘‘मावशींचं नाक कायमचं रजेवर आहे,’’ असं नर्सा म्हणत. मावशी म्हणत, ‘‘माणसाच्या अंगातनंच येतं ना ते? मग त्यात नाक मुरडायचं काय?’’

अशा बाईला शिसारी आली ती एका सिनेमाच्या थिएटरात, शनिवारी भर दुपारी. आणि तिथे त्या गेल्या होत्या ते केवळ स्वार्थापोटी.

मावशींचे वडील, नाना, भावाकडे असत. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या अंगावरून वारं गेलं. एक बाजू लुळी पडली, तोंड वाकडं झालं, बोलणं कुणाला समजेना. भावजयीने काही महिने रेटलं आणि मग हात टेकले. त्यातच भावाची बदली झाली. त्याने गावाबाहेरच्या एका वृद्धाश्रमात खाट बघून ठेवली आणि बहिणीला सांगितलं, ‘‘रविवारी नानांना घेऊन निघतोय. तुझ्याकडे आणू की तिकडे नेऊ, तेवढं सांग.’’

‘तिकडून’ आलेल्या म्हाताऱ्यांच्या चिघळलेल्या पाठी मावशींनी वॉर्डात धुतल्या होत्या. त्यामुळे त्यांना तिकडे नको होतं. पण इकडे तरी कोण होतं? नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यांची ड्युटी संध्याकाळपर्यंत. सकाळचं सगळं आवरून त्या निघाल्या असत्या, पण दुपारपासून नानांजवळ बसायला एकच माणूस होतं, कॉलेजातून जेवायच्या वेळेला घरी येणारी लेक. आणि लेक म्हणजे दुधावर साय दिसली तरी कप ढकलून देणारी. नाना आजारी पडल्यापासून तिने त्यांना पाहिलं नव्हतं; दर वेळी परीक्षा आडवी यायची. नानांजवळ बसशील का, असं मावशींनी विचारलं तेव्हा ती ‘‘बघू’’ म्हणाली होती. त्या ‘बघू’चं ‘हो’ व्हावं म्हणून मावशींनी चक्क लाच द्यायची ठरवली. सिनेमा लेकीच्या आवडीचा, वर पॉपकॉर्नचा मोठा पुडा.

लेकीने भुताचा सिनेमा निवडला.

थिएटर असं की भुताला वेगळं घर बांधायची गरजच नव्हती. खुर्चीतून स्पंज बाहेर आलेला, पायाखाली सांडलेलं सरबत चिकटतंय, आणि कुठूनतरी ओल्या फडक्याचा वास येतोय. मावशींना याचं काही वाटलं नाही. त्यांना झोप येत होती. पडद्यावर एक जोडपं झपाटलेल्या बंगल्यात राहायला आलं होतं. दार धाडकन आपटलं की भिंतही हलायची. दिवा आपोआप झुलायचा तेव्हा त्याचा दोरा दिसायचा. एकच जिना इतक्या वेळा दाखवला की मावशींना त्याची कुठली पायरी तुटकी आहे ते पाठ झालं. इथवर सगळं ठीक होतं, हसण्यावारी नेण्यासारखं.

मग माडीवरच्या खोलीतलं भूत आलं. ते भूत म्हणजे अंथरुणाला खिळलेला एक म्हातारा होता. चांगलं भूत परवडत नसलं की हे लोक म्हातारा पकडतात. तोंड एका बाजूला ओढलेलं, ओठातून लाळेची तार, घशातून घरघर. पांढऱ्या पावडरीखाली बिचाऱ्याच्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याची खूण दिसत होती. त्याने वाकडा हात पुढे केला आणि अख्खं थिएटर ‘ईऽऽ’ म्हणून ओरडलं. लेकीने पाय खुर्चीवर घेतले आणि आईच्या खांद्यात तोंड खुपसलं. लाळ पडली की ‘ई’, चादरीवर डाग दिसला की ‘ई’. मागच्या रांगेतला एक जण तर घशातून तशीच घरघर काढून दाखवायला लागला आणि त्याच्या सोबतच्या पोरी खिदळायला लागल्या.

मावशींची झोप कुठल्या कुठे उडाली. शेवटी त्या जोडप्यातल्या बायकोने उशी उचलून म्हाताऱ्याच्या तोंडावर दाबली. त्याचे पाय झाडायचे थांबेपर्यंत ती दाबत राहिली, आणि थिएटरात टाळ्या पडल्या. शिट्ट्या वाजल्या. मावशींनी शेजारी पाहिलं. पुडा मांडीत धरून लेक टाळ्या वाजवत होती.

मावशींच्या पोटातून काहीतरी वर आलं. आजवर किती बादल्या उचलल्या, पण असं कधी झालं नव्हतं. त्या उठल्या, लोकांच्या गुडघ्यांना धडकत बाहेर गेल्या आणि बेसिनच्या नळाखाली तोंड धरून उभ्या राहिल्या. पाठोपाठ लेक आली.

‘‘आई, बरं वाटत नाहीये का?’’

‘‘टाळ्या कशाला वाजवल्यास?’’

‘‘सगळेच वाजवत होते.’’

‘‘तो म्हातारा हात पुढे करून काय मागत होता?’’

‘‘काय मागणार? भूत होतं ते, आई.’’

‘‘मला तर तो पाणी मागतोय असंच दिसत होतं,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘आणि यांनी त्याला मारला. आणि तुम्ही टाळ्या पिटल्या. घाण मेली. सगळी घाण.’’

बसस्टॉपवर आल्यावर लेकीने बारीक आवाजात विचारलं, ‘‘नानांचं तोंड तसं झालंय?’’

खोटं बोलायला जागा होती. पण उद्या नाना दारात आले की दिसणारच होतं. मावशी म्हणाल्या, ‘‘तसंच झालंय. लाळही गळते. दिवसभर पुसावी लागते.’’

पैसे देऊन आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, या विचाराने मावशी चडफडल्या. घर येईपर्यंत पोरीने ‘हो’ म्हटलं नाही आणि ‘नाही’ही म्हटलं नाही. त्यांनी भावाला फोन केला. ‘‘आधी इकडे आण. पण गाडी दारातच ठेव. पोरीला जमलं नाही तर पुढे न्यावं लागेल.’’ हे शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडून कसंबसं निघालं.

रविवारी भाऊ आला. गाडी चालूच ठेवून, दोघा बहीणभावांनी नानांना उचलून आत आणलं आणि पलंगावर बसवलं. नानांनी चांगल्या हातात टॉवेल घट्ट धरला होता आणि तो तोंडावर दाबला होता. नात समोर आली तशी त्यांनी मान भिंतीकडे वळवली. आपलं तोंड पोरीला दिसू नये म्हणून म्हाताऱ्याची ती धडपड पाहून मावशींना कालच्या टाळ्या पुन्हा ऐकू आल्या.

लेक पलंगाजवळ बसली. तिने नानांच्या हातातून टॉवेल हळूच ओढून घेतला. ते तोंड तिने पाहिलं, लाळेची तार पाहिली. तिच्या नाकपुड्या फुलल्या, ओठ वाकडे झाले. तिने दात आवळून एकदा हनुवटी पुसली, आणि टॉवेल टाकून मोरीकडे पळाली. उलटीचा आवाज बाहेरपर्यंत आला.

नानांनी डोळे मिटले.

‘‘बघितलंस ना?’’ भाऊ हलक्या आवाजात म्हणाला. ‘‘तिच्यावर जुलूम कशाला? चल, धर तिकडून.’’

मावशींनी नानांच्या काखेत हात घातला. तेवढ्यात लेक परत आली. चेहरा ओला, डोळे लाल, हातात कपाटातला धुतलेला टॉवेल. किळस अजून तिच्या तोंडावर तशीच होती, लपवायचं तिच्या डोक्यातही नव्हतं. आईला कोपराने बाजूला सारत ती नानांशेजारी बसली.

‘‘मामा, ती गाडी बंद कर ना,’’ ती म्हणाली. ‘‘सगळा धूर आत येतोय. नानांना ठसका लागेल.’’