आक्काचं पोट

आक्काचं पोट वाढायला लागलं तेव्हा आमच्या घरात कुणालाही आधी डॉक्टर आठवला नाही. सगळ्यांनी बोटांवर महिने मोजले. आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. तिचा नवरा पलटणीत, लढाईवर गेलेला, दोन वर्षं रजेवर आला नव्हता. एवढं पुरलं.

सासूबाईंनी सुइणीला बोलावलं. तिनं पोट चाचपलं आणि पाचवा लागलाय म्हणून सांगून मोकळी झाली. आक्का कळवळून म्हणायची, "आत्याबाई, पोट लय दुखतंय, घास जात न्हाई." सासूबाई म्हणाल्या, "शेण खाल्लंस तवा न्हाई दुखलं?" आजही ते आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तिला गोठ्याशेजारी वेगळी चूल मांडून दिली. पाण्याच्या घागरीला हात लावायची बंदी झाली. दिवस भरून उलटले, मूल झालं नाही, अंगावरचं मांस मात्र उतरलं. तेव्हा कुठे सासऱ्यांनी तिला सांगलीला न्यायची परवानगी दिली, तीही बैलगाडीला पडदा बांधून.

मीच सोबत गेले. पहिल्या डॉक्टरांनी पोटाचा क्षय ठरवला. पोटातलं पाणी काढलं, ते पुन्हा भरलं. मग मोठ्या सर्जननी बीजकोशाची गाठ समजून पोट उघडलं. बीजकोश चांगले होते. पोटाला आतून जे अस्तर असतं, त्यावर साबुदाण्यासारखे दाणेच दाणे. तुकडा तपासायला मुंबईला गेला. उत्तर आलं, कॅन्सर, त्या अस्तराचाच.

"फार विरळा रोग," सर्जन म्हणाले. "दुसऱ्या रोगांचं सोंग घेतो. मीही फसलो." त्या माणसाचा मला राग आला नाही. तो चुकला, पण त्यानं आत पाहिलं तरी. आमच्या घरानं न पाहताच निकाल दिला होता.

सासूबाई आल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "म्हंजे पोर न्हवतं?" ती वाचेल का, हे विचारलंच नाही. तडक बाजारात जाऊन खण, नारळ, तांदूळ घेऊन आल्या आणि दवाखान्यातच आक्काची ओटी भरायला लागल्या. टाके अजून सुकले नव्हते. "घराची अब्रू राखलीस गं बाई," म्हणत त्यांनी नारळ तिच्या पदरात ठेवला. मला तो भिरकावून द्यावासा वाटला.

आक्कानं तो उचलून बाजूला ठेवला.

"आत्याबाई," ती म्हणाली, "पोर असतं तर मी जगली तरी असती."