बर्फ न पाहिलेले साहेब आणि प्लास्टिकची पट्टी

मंडळी, आज आमच्या तोआ पायोह भागातल्या ऑफिसात जे ऐकलं, ते सांगितल्याशिवाय मला जेवण जाणार नाही.

जपानमधल्या एका वृद्धाश्रमाला आम्ही बर्फ हटवायच्या गाडीचं सामान पुरवतो. गाडीच्या पात्याखाली जमिनीला घासणारी पट्टी असते. लोखंडी पट्टीनं गेल्या हिवाळ्यात तिथल्या फरश्या उखडल्या, म्हणून मी यंदा प्लास्टिकची सुचवली.

आमचे देशपांडे साहेब हसले. "प्लास्टिकनं बर्फ निघतो होय? डबे विकतोय का आपण?"

या गृहस्थांनी बर्फ पाहिलाय तो इथल्या हॉकर सेंटरच्या, म्हणजे खाऊच्या टपऱ्यांवरच्या, उसाच्या रसात.

व्हिडिओ कॉलवर आश्रम चालवणाऱ्या बाईंनी गेल्या हिवाळ्यातला, उखडलेल्या फरशीचा फोटो दाखवला. फरशीच्या खाचेत व्हीलचेअरचं चाक अडकून एक आजी पडल्या, हात मोडला, असं त्या सांगत होत्या.

साहेब म्हणाले, "पण बर्फ कसा स्वच्छ निघालाय, बघा!"

बाई म्हणाल्या, "पट्ट्या आम्ही दुसरीकडून घेऊ."

कॉल संपल्यावर साहेब मला म्हणतात, "ही जपानी माणसं फारच नाजूक, नाही?"

"आजींचा हात मोडलाय, साहेब," मी म्हणाले. तोवर ते लंचला कुठे जायचं ते विचारायला लागले होते.

असा माणूस साहेब म्हणून निवडताना नेमकं काय बघतात, कुणी सांगेल का?