मंजुश्रीचे डोळे आणि जुनं कार्ड

कर्नाटकातल्या, सीमेवरच्या औरादच्या बसस्टँडमागच्या गल्लीत मंजुश्रीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, दुकानांच्या पाट्या, श्रद्धांजलीचे फोटो, सगळं तिथं होतं. कॉम्प्युटरवर डिझाइन ती करते आणि मागच्या खोलीतल्या मशीनवर ते छापायचं काम तिचा नवरा शिवराज करतो. मी मराठी शाळेतून निवृत्त झालेला मास्तर, संकर्षण माझं नाव. घरी बसून सुनेला नको ते सल्ले देण्यापेक्षा मी मंजुश्रीच्या दुकानात जाऊन मराठी मजकूर तपासतो. पगार नाही, चहा आहे. कानडी मजकूर ती स्वतःच तपासते, आणि तिचं कानडी माझ्या मराठीपेक्षा शुद्ध आहे, हे मला फारसं आवडत नाही.

आमच्याकडं पत्रिका करून फोनवर पाठवली आणि झालं, असं चालत नाही. नावं घालताना घरची माणसं समोर हजर लागतात. मंजुश्रीच्या पाठीमागे एक लाकडी बाक आहे. त्यावर मुलाचा बाप, दोन चुलते, एखादा मामा आणि कुणीच न बोलावलेला एक शहाणा असे दाटीवाटीनं बसतात. कुणाचं नाव कुणाच्या वर गेलं, यावर घरं फुटलेली मी पाहिली आहेत. मराठी बाजू झाली की पुन्हा सगळं कानडीत. हे सगळं होईस्तोवर तिला स्क्रीनवरून नजर हलवता येत नाही. उठली की बाकावरचे म्हणतात, “अक्का, आमचंच काम कामून मागं टाकायलाव?”

दुखणं सुरू झालं ते नवा कॉम्प्युटर आल्यावर. पण हे आता सांगतोय. तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नाही. नवी वस्तू चांगलीच असणार, बिघडलं असेल तर माणूस बिघडलं असेल, असा आपला सगळ्यांचा हिशेब. तासभर काम केलं की तिच्या डोळ्यांच्या मागून कुणी दाबतंय असं व्हायचं. मग डोकं जड, मग मळमळ. संध्याकाळी घरी गेल्यावर भाकरी थापतानाही ती डोळे मिटून घ्यायची. उदगीरच्या डॉक्टरांनी चष्मा दिला. बिदरच्या डॉक्टरांनी तो बदलला. लातूरला गेलो, तिथं थेंब मिळाले आणि डोळे उत्तम आहेत असं सांगितलं. तिची आई शकुबाई कोहिनूर या आपल्या गावाहून गावठी तूप घेऊन आली आणि आठवडाभर लेकीचे तळपाय काशाच्या वाटीनं घासत बसली. वाटी काळी झाली, उष्णता निघाली म्हणून शकुबाई खूश. मंजुश्री दुसऱ्या दिवशी दुकानात बसली आणि दुपारपर्यंत पुन्हा तेच.

गल्लीतले लोक काय, बोलायला मोकळेच. कुणी म्हणालं मोबाइल कमी बघ, कुणी म्हणालं बदाम खा. एकानं तर माझ्या तोंडावर सांगितलं, “सर, बायामाणसाला काम नको झालं की असंच डोकं धरून बसायलेत.” हा स्वतः सकाळपासून पानटपरीच्या फळीवर बसलेला असतो. मी त्याला काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

शिवराज मात्र बिचारा जीव लावणारा माणूस. बायकोला बारीक अक्षरांचा त्रास होत असेल म्हणून तो बिदरहून आणखी मोठा, आणखी लखलखीत स्क्रीन घेऊन आला. “आता डोळे ताणायचं काम न्हाई,” असं म्हणत त्यानं तो स्वतः पुसून, जोडून दिला. मंजुश्री म्हणाली, “लई चांगलाय.” अर्ध्या तासानं ती मागच्या मोरीत जाऊन ओकली. मला म्हणाली, “सर, त्यांना सांगू नका. त्यांनी हौसेनं आणलंय.” त्या दिवशी मला तिची फार दया आली आणि आपल्याला काहीच करता येत नाही याचा रागही आला.

उलगडा झाला तो खंडेनवमीला. त्या दिवशी आमच्याकडं सगळी हत्यारं पुजतात. नांगरापासून मोटरसायकलीपर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागतं, आणि एकदा कुंकू लागलं की दुसऱ्या दिवशी पूजा उचलेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. शिवराजनं कॉम्प्युटरला, मशीनला, कात्रीला सुद्धा झेंडूची फुलं वाहिली. मागच्या खोलीत पहिला कॉम्प्युटर पडून होता, जाड चौकटीच्या, चौकोनी सपाट स्क्रीनवाला. जुन्या फाइली लागतात म्हणून ठेवलेला. त्याला मात्र कुंकू लावायचं राहिलं. शिवराज म्हणाला, “भंगारात जायचंय त्याला, फुलं कशाला?”

आणि दुपारी अडत बाजारातले मल्लप्पा गेले. त्यांचे तिघे मुलगे आले. दुसऱ्या दिवशी अंत्यविधी, पाहुणे आळंदपासून हैदराबादपर्यंत पसरलेले, सगळ्यांना फोनवर पाठवायला फोटोसकट निरोप हवा. पुजलेल्या कॉम्प्युटरला हात लावा असं म्हणायची त्यांची हिंमत नव्हती आणि मंजुश्रीची तयारी नव्हती. मेलेल्या माणसाचं काम आणि पूजा मोडून करायचं, छे. तेव्हा तिनं मागच्या खोलीतला भंगार कॉम्प्युटर चालू केला.

मल्लप्पांच्या घरात जिवंतपणी जेवढी भांडणं होती तेवढी त्या निरोपात उतरली. जावयांची नावं घालायची की नाही, थोरल्या नातवाचं शिक्षण लिहायचं की नाही. मराठीत झालं, कानडीत झालं, मग फोटोच बदलला. दुपारची संध्याकाळ झाली. मुलगे गेले आणि मंजुश्री खुर्चीत तशीच बसून राहिली. मला वाटलं, आता ही डोकं धरणार. ती म्हणाली, “सर, दुखत न्हाई.”

“काय?”

“डोळे दुखायलेच न्हाईत. एवढा वेळ बसले, काहीच न्हाई.”

मग तिनं तोंडाला पदर लावला आणि ती रडली. दोन वर्षं लोक तिला नखरेबाज म्हणत होते, आणि खरं सांगायचं तर तिलाही तसंच वाटायला लागलं होतं.

बिदरला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा श्रीशैल आहे, त्याला बोलावलं. त्यानं फोनचा कॅमेरा नव्या स्क्रीनपुढं धरला. फोनमध्ये काळे पट्टे पळताना दिसले. जुन्या स्क्रीनपुढं धरला, पट्टे नाहीत. तो म्हणाला, “अक्का, ह्याचा उजेड सारखा चालू-बंद व्हायलाय. आपल्याला दिसत न्हाई, पण काहींच्या डोळ्याला कळतंय.” जुना कॉम्प्युटर बॅनरच्या मोठ्या फाइली पेलत नव्हता, म्हणून नव्या कॉम्प्युटरला जुना स्क्रीन जोडला. तिसऱ्या दिवशी डोळे पुन्हा तसेच. या वेळी मंजुश्री रडली नाही, चिडली. माऊस असा आपटला की शिवराज मशीन सोडून धावत आला.

श्रीशैलनं घरी जाऊन इंटरनेटवर वाचून काढलं. त्याचं म्हणणं असं, की स्क्रीनला चित्र पुरवणारं जे कार्ड आत असतं, त्यातली काही नवी कार्डं जास्तीचे रंग दाखवण्यासाठी प्रत्येक ठिपका बारीक बारीक लुकलुकवत ठेवतात. “पण पक्कं कुणालाच ठाऊक न्हाई,” तो म्हणाला. “लोक तिकडं नुसते भांडायलेत.” मला ते आवडलं. ठाऊक नाही म्हणणारा माणूस मी बऱ्याच दिवसांनी पाहत होतो. मग जुन्या कॉम्प्युटरमधलंच कार्ड का काढलं नाही? तर ते त्याच्या मुख्य पाटीत, म्हणजे मदरबोर्डातच घट्ट बसवलेलं, सुटं होत नाही. तसलंच सुटं कार्ड शोधायला हवं होतं.

शोधायचं म्हणजे फिरायचं. शिवराज आणि मंजुश्री बिदर फिरले, सिकंदराबादचा बाजार फिरले. दुकानदार हसायचे. सगळी दुनिया नवं मागते, तुम्ही दहा वर्षांपूर्वीचं मागताय? काहींनी कार्डं दिली, ती आणून लावायची, दोन दिवस डोळे जाळून बघायचे आणि परत करायची. प्रत्येक तपासणी तिच्या डोळ्यांवरच व्हायची, दुसरं यंत्र कुठलं? शेवटी कलबुर्गीला एका भंगारवाल्याकडं, एका कॉलेजातून निघालेल्या ढिगात, एक कार्ड मिळालं. नवं विंडोज त्याला दाद देईना, म्हणून जुनं विंडोज घातलं. आठवडा गेला, डोळे शांत राहिले. चौकोनी स्क्रीन मंजुश्रीपुढं आला आणि लखलखीत मोठा स्क्रीन बाकाकडं तोंड करून भिंतीला लागला, गिऱ्हाइकांसाठी. गिऱ्हाइकं खूश, शिवराजची हौस वाया गेली नाही. वर्ष बरं गेलं. ती काम करताना पुन्हा गुणगुणायला लागली होती.

परवाच्या मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, स्क्रीनवर रंगीत रेघा उमटल्या आणि तो काळा झाला. कार्ड जळालं. श्रीशैलनं खटपट केली, फोन केले, त्याच नावाचं दुसरं कार्ड मिळवून आणलं. नाव तेच, पण आत काहीतरी वेगळं असावं. चौथ्या दिवशी मंजुश्री रस्त्यात भिंत धरून उभी राहिली. शिवराज म्हणाला, बास. डिझाइनं तो बिदरहून करून आणायला लागला आणि मंजुश्री घरी बसली. जुना कॉम्प्युटर तर आधीच बंद पडला होता.

शकुबाई लेकीकडं राहायला आली. पंधरवड्यानं मी घरी गेलो. मंजुश्री ओसरीवर सुपात तुरीची डाळ पाखडत होती. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती, चेहरा भरला होता. शकुबाई कौतुकानं म्हणाली, “बघा मास्तर, आता कशी माणसात आली माझी लेक. मी म्हणायलेच व्हते, सोड म्हणून ते काम. डोळ्यापरीस काय मोठंय व्हय?”

मीही म्हणालो, “खरंच, बरी दिसतेस.” आणि ती बरी दिसतच होती.

मंजुश्रीनं सूप खाली ठेवलं. “डोळे बरे झालेत सर,” ती म्हणाली. “सकाळी उठले की समदं लख्ख दिसतंय. ही डाळ दिसतीय, ती भिंत दिसतीय. दिवसभर हेच दिसतंय. बरे झालेले डोळे घेऊन बघू काय मी?”

शकुबाईनं ते सूप स्वतःकडं ओढून घेतलं आणि मान वर न करता म्हणाली, “जा माय. दुकानला जा.”