शटडाउनला पाहू

आमच्या घरात कुठलीही वस्तू बंद ठेवून दुरुस्त झालेली मला आठवत नाही. नळ गळत असला की चालू नळालाच सायकलच्या ट्यूबची पट्टी. कूलरची मोटर खरखरली की चालू मोटरीतच तेल. बाबा स्टील प्लांटमध्ये हवा-पाण्याच्या लाइनीवर फिटर होते. तिथे भट्टीला पाणी सतत लागतं, म्हणून लाइन बंद करता येत नाही. गळतीवर क्लॅम्प आवळायचा आणि शटडाउन लागेल, म्हणजे भट्टीच बंद ठेवतील, तेव्हा पाइप बदलायचा, ही तिथल्या कामाची रीत. तिथे ती बरोबरच होती. रिटायर झाल्यावर घड्याळ आणि शालीसोबत बाबा ती रीतही घरी घेऊन आले, आणि आम्ही ती सोसत आलो. "शटडाउनला पाहू," असं आजही कोणी म्हटलं की माझं डोकं सणकतं.

गाडी त्यांनी रिटायरमेंटच्या वर्षी घेतलेली. पंधरा वर्षं झाली तरी रोज सकाळी फडक्याने पुसून वर कव्हर घालायचे. तिचा एसी गळका होता. दर उन्हाळ्यात गॅस भरायचा, तो दोनेक महिने टिकायचा, मग काचा खाली. कोणाचं काही अडत नव्हतं. त्या वर्षी मात्र अडलं.

त्या वर्षी आईच्या छातीचं ऑपरेशन झालं आणि मग रायपूरला रेडिएशनच्या पंचवीस पाळ्या लागल्या. आमच्याकडे त्याला सगळे सिकाई म्हणतात. पाळ्या नेमक्या मे महिन्यात आल्या. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "चामडी भाजल्यासारखी होणार. घाम येऊ देऊ नका, गरम हवा लागू देऊ नका. एकही पाळी चुकवू नका." आमच्या जुनवानीहून कुम्हारीमार्गे रायपूर, जायला सव्वा तास, यायला सव्वा तास. मी शिकवते त्या शाळेला सुट्ट्या होत्या, म्हणून गाडी मी चालवायची. बाबा शेजारी आणि आई मागे, अंगावर नुसता मऊ सुती ब्लाउज आणि त्यावर ओढणी.

या वेळी भरलेला गॅस चौथ्याच दिवशी संपला. मी मेकॅनिककडे गेले. त्याने गॅसबरोबर गळती दाखवणारा रंग भरला, एसी चालवला आणि निळा टॉर्च घेऊन गाडीखाली वाकला. मलाही दाखवलं. एसीचं पाणी ज्या नळीतून खाली ठिबकतं, तिच्या तोंडाशी हिरवं चमकत होतं.

"दीदी, अंदर की कॉइल लीक है," तो म्हणाला. "डॅशबोर्ड खोलना पड़ेगा. एक दिन गाड़ी छोड़ दो."

मी घरी येऊन सांगितलं, तर बाबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो काल-परवाचा माणूस, आणि यांची सगळी नोकरी लाइनीवर गेलेली. त्यांनी बॉनेट उघडलं, साबणाचा फेस केला, दाढीच्या ब्रशने एकेका पाइपाला लावला. एका जोडापाशी बारीकसा बुडबुडा आला. खोटं कशाला बोलू, तेव्हा मलाही बरं वाटलं. त्यांनी तिथे क्लॅम्प आवळला आणि हात पुसत म्हणाले, "हे पाय, हे हाय तुही गळती. काहाले डॅशबोर्ड खोलून राहिले? एकदा खोलला का गाडी जलमभर खडखड करते."

"बाबा, कॉइल फुटली आहे. मी डोळ्यांनी पाहिलं."

"असू दे थोडी. चार दिवसांनी ग्यास भरून घेऊ. गाडी रोज लागते ना? मंग चालू लाइन झाली ते. सिकाई संपू दे, शटडाउनला पाहू."

मी म्हटलं, भाड्याची एसी गाडी लावू. तर बाबांचं म्हणणं, घरी गाडी असताना भाड्याची कावून, लोक काय म्हणतील. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. आई हळूच म्हणाली, "करू दे नं बाई त्याईले. त्याईच्या हातात आता दुसरं काय हाय?" मी चव्वेचाळीस वर्षांची बाई, वर्गातल्या पन्नास पोरांना एका नजरेत गप्प करते, आणि बापापुढे मूग गिळून बसले. दर चार दिवसांनी गॅस भरत राहिलो. भरला की थंड हवा यायची आणि बाबा विजयी चेहऱ्याने मागे वळून आईला विचारायचे, "लागून राहिली नं?" आई मान हलवायची.

एकोणिसाव्या पाळीच्या दिवशी कुम्हारीच्या पुढे ट्रक आडवा झाला. मागे-पुढे गाड्याच गाड्या, दुपारचा एक वाजलेला. गॅस आदल्या दिवशीच भरला होता, पण एसीतून कोमट हवा यायला लागली, मग गरम. काचा खाली केल्या तर भट्टीची दारं उघडल्यासारखी लू आणि ट्रकांची धूळ. आईने ओढणी काढून टाकली. तिच्या काखेखालची चामडी तोवर काळी पडून सुटायला लागली होती. घाम तिथेच मुरत होता. ती हात अंगापासून दूर धरून बसली होती.

बाबा खाली उतरले, बॉनेट उघडून वाकून पाहिलं आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "क्लॅम्प टाइट हाय."

त्या क्षणी मला त्यांचा जितका तिटकारा आला तितका कोणाचाच कधी आला नाही. ते आता थकलेत, औषधं मीच देते, तरी तो पूर्ण गेलाय असं मी म्हणणार नाही.

दवाखान्यात पोचायला अडीच तास लागले. ब्लाउज चिकटला होता. नर्सने पाणी लावून लावून सोडवला, तरी चामडी घेऊनच निघाला. आई ओरडली नाही. तिने माझं मनगट धरलं, त्यावर तिच्या नखांचे वण आठवडाभर होते. पाळी उरकून परतताना ती म्हणाली, "उद्यापासून मी नाही येत."

डॉक्टरांनी आठ दिवसांची विश्रांती देऊन परत बोलावलं. मी हातापाया पडले. दुसरी गाडी आणते, ॲम्ब्युलन्स आणते म्हटलं. "आता नाही भाजून घ्याचं मले," एवढंच तिचं उत्तर. बाबा दाराशी उभे राहून ऐकत होते. सहा पाळ्या राहिल्या त्या राहिल्याच. दिवाळीनंतर आजार परत आला आणि होळीच्या आधी आई गेली. त्या सहा पाळ्यांमुळेच गेली असं कोणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

तिची तेरवी झाल्यावर एका रविवारी मी कोणाला न विचारता गाडी मेकॅनिककडे सोडून आले. संध्याकाळी तयार. डॅशबोर्ड जसा होता तसा, कुठे खडखड नाही, आणि हवा अशी की बोटं गार पडावीत. जुनी कॉइल त्याने पिशवीत घालून दिली. मी ती आणून बाबांसमोर ठेवली.

ते बराच वेळ ती उलटसुलट करत राहिले. मग बादलीत पाणी घेतलं, कॉइलचं एक तोंड बुचाने बंद केलं, दुसऱ्याला सायकलचा पंप लावला आणि पाण्यात बुडवून हवा भरली. कोपऱ्यातून बुडबुड्यांची धार लागली. त्यांनी पंप थांबवला. परत मारला. परत तेच.

"एका दिवसात झालं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तेव्हा वेळ कुठं होता," ते बादलीकडे पाहत म्हणाले. "रोज जाणं होतं. चालू लाइन होती."

"रोज नाही, बाबा. शनिवार-रविवार दवाखान्यातलं मशीन बंद राहायचं."

त्यांनी कॉइल पाण्यातून बाहेर काढली. मला वाटलं होतं की हे बोलल्यावर मला हलकं वाटेल. कॉइल फुटल्याचं कळल्यापासून त्या पाळीपर्यंत तीन रविवार आले होते. तिन्ही रविवारी मेकॅनिकचं दुकान उघडं होतं आणि गाडी कव्हर घालून आमच्या दारात उभी होती. कव्हर बाबा घालायचे, पण चावी माझ्या पर्समध्ये असायची.