रहिवासी असल्याचा दाखला

कॉलेजात मला राज्य सरकारची शिष्यवृत्ती मिळणार होती, पण आम्ही उत्तर प्रदेशचे रहिवासी असल्याचा दाखला हवा होता. बाबा रेल्वेत, माझा जन्म इथल्याच आलमबागचा, तरी आडनाव ऐकलं की लोक विचारायचे, "आप यहाँ की तो नहीं हैं?" माझं डोकंच फिरायचं.

चौकशीला तहसीलचा माणूस आला. शेजारच्या चाचींनी कौतुकानं सांगून टाकलं, "बड़े भले लोग हैं, महाराष्ट्र के!" मी कपाळावर हात मारला. गेली शिष्यवृत्ती!

तेवढ्यात फाटकाशी भाजीवाला आला. घरात हिंदीचा शब्दही खपवून न घेणारी माझी सातारची आई तरातरा बाहेर गेली आणि अगदी लखनवी अदबीनं त्याच्याशी भांडू लागली, "भैया, ज़रा से धनिया के लिए आप हमारा दिल तोड़ेंगे?"

भाजीवाल्यानं मुकाट्यानं कोथिंबीर दिली, वर मिरच्याही. तहसीलचा माणूस खो खो हसला. "ये तो यहीं की हैं," म्हणत त्यानं कागदावर सही ठोकली.

मी अंगणात नाचलेच. आई मात्र फुरंगटली. माझ्याकडे वळून खेकसली, "यहीं की कैसे? हम सातारा के हैं!"