बादशहामामांचं ऑक्झाईम

कोल्हापुरातल्या एका जुन्या कॉलेजात, रसायनशास्त्र विभागात, बादशहा जमादार एकतीस वर्षं प्रयोगशाळा परिचर होते. कागदावर काम काय, तर काचसामान धुणं, बाटल्या भरणं आणि गॅस बंद झाला का ते बघणं. प्रत्यक्षात अर्धा विभाग त्यांच्या जिवावर चाले. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि बोलून कुणीच दाखवत नसे. सर आले, बढती घेऊन गेले; मामा आपले तिथंच.

दहावीला आपटलेला हा माणूस ऑक्झाईम मात्र असं काढायचा, की पीएचडीच्या पोरांनी तोंडात बोटं घालावीत. नखांचा रंग काढायचं अ‍ॅसिटोन ज्या कुळातलं, त्या कुळाला कीटोन म्हणतात. असा एखादा कीटोन घ्यायचा, त्यात हायड्रॉक्सिलअमाइनचा क्षार आणि सोडियम अ‍ॅसिटेट घालून स्पिरिटमध्ये दोन तास उकळायचं आणि मग सगळं बर्फाच्या पाण्यात ओतायचं. तळाला पांढरे खडे बसतात, ते ऑक्झाईम. पोटात नायट्रोजन धरून बसलेलं असतं, म्हणून पुढं औषधांतले मोठे रेणू बांधायला ते विटेसारखं कामी येतं. वीट कच्ची तर भिंत कच्ची, एवढं मामांना पक्कं माहीत होतं. नव्या पोरांना ते दम भरत, "कोरडं करून तापवायचं न्हाय. लई रागीट माल हाय त्यो."

पन्हाळ्याकडची क्रांती चौगुले ही मामांची सगळ्यात लाडकी. पीएचडीचं चौथं वर्ष. मामांच्या ऑक्झाईमपासून तिनं सहा अणूंचं एक कडं बांधून दाखवलं होतं. तसं कडं इतर लोकही बांधत. पण त्यांना त्यासाठी कुठल्या तरी धातूचा क्षार घालावा लागे. क्रांतीचं धातूशिवाय होत होतं. तिच्या प्रबंधाचा सगळा जीव त्या एका गोष्टीत होता. तिचे मार्गदर्शक उदयसिंह सर खूश झाले, लेख परदेशी नियतकालिकाकडे गेला. तिथून परीक्षकाचं उत्तर आलं: छान आहे, पण ताजं ऑक्झाईम घेऊन पुन्हा करा आणि आकडे पाठवा. मुदत एक महिना.

जुनी बाटली संपली होती. मामांनी नवी करून दिली. क्रांतीनं प्रयोग लावला, काही झालं नाही. पुन्हा लावला, तेच. पाचव्यांदा कोरा निकाल आला तेव्हा ती बेसिनपाशी उभी राहून रडली.

"माझ्या हातालाच काय तर झालंय, मामा."

"हाताला कशाला काय व्हतंय? उद्या बघू की," मामा म्हणाले. पण बाटली तर त्यांची होती.

रविवारी सकाळी उत्तर घरीच सापडलं. शहाजादी, म्हणजे मामांची बायको, परसात तांब्याचं घंगाळं चिंचेनं घासत होती. दोन वर्षांपूर्वी विभागातली बर्फाची बादली फुटली, नवी येईना, तेव्हा मामांनी हेच घंगाळं कॉलेजात नेलं होतं. तांब्यातलं पाणी शुद्ध, हे त्यांच्या आईपासून घरात सगळेच मानत. शिवाय तांबं झटकन गार होतं. सकाळी कुणी यायच्या आत मागच्या खोलीत मामा घंगाळ्यात ऑक्झाईम ओतत, गाळत आणि बाटली भरून क्रांतीच्या टेबलावर ठेवत. पोरगी सनाच्या लग्नाला म्हणून घंगाळं घरी आलं ते परत गेलंच नाही. ही शेवटची बाटली त्यांनी प्लॅस्टिकच्या नव्या बादलीत केली होती.

शहाजादीनं घंगाळं विसळलं. मोरीत हिरवट निळं पाणी वाहिलं. एकतीस वर्षं काचा धुतलेल्या माणसाला तो रंग सांगावा लागत नाही. ते तांबं होतं. चिंचेनं सुटलं तसंच ऑक्झाईमच्या पाण्यात सुटून दोन वर्षं ते प्रत्येक बाटलीत गेलं होतं, आणि क्रांतीचं कडं त्यानंच बांधलं होतं.

मामा दिवसभर जेवले नाहीत. निवृत्तीला आठ दिवस उरले होते. गुपचूप घंगाळं न्यायचं, एक बाटली काढायची. परीक्षक गप्प, पोरगी डॉक्टर आणि आपल्याला हार-नारळ. कुणाच्या बापाला कळलं नसतं. या विचाराची त्यांना लाज वाटली, पण तो जाईना. सोमवारी त्यांनी घंगाळं पोत्यात घालून बसमध्ये घेतलं, तेव्हाही आपण काय करणार हे त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं.

क्रांती आधीच आली होती. सुजलेल्या डोळ्यांनी सहाव्यांदा वजन करत होती. तिला बघितलं आणि मामांनी पोतं तिच्या टेबलावर उपडं केलं.

"ह्यात करत हुतो, ताई. दोन वरसं. तांबं हाय ह्ये."

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग ती ओरडली, "धातू न्हाय म्हणून जगाला सांगितलंय की मी! आता कुठं तोंड दावू?"

मामांनी घंगाळं उचलून खाली ठेवलं. शेवटी क्रांतीनं कपाटातून तांब्याच्या क्षाराची बाटली काढली आणि कोऱ्या निघालेल्या प्रयोगात चिमूटभर टाकली. दुपारी तपासलं, तर कडं तयार होतं.

लेख मागं घ्यावा लागला. प्रबंध वर्षभर लांबला. उदयसिंह सर चिडले आणि मग समजुतीनं म्हणाले, "लेख मागं घेताना ऑक्झाईम अशुद्ध होतं, एवढंच लिहा. घंगाळ्याचं कुठं बोलू नका, हसं होईल."

"न्हाय सर, झालंय ते लिहिणार," क्रांती म्हणाली. तिनं प्रयोगवही मामांपुढं सरकवली आणि पेन दिलं. त्या वहीत लिहायला मामांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी सावकाश, एकेक अक्षर जोडत, घंगाळ्याची हकीकत लिहिली. शेवटी 'चूक माझी' असं लिहून सही केली.

क्रांतीनं वाचलं. मग तिनं पेन घेतलं, मामांच्या सहीखाली लिहिलं, 'कशात करता, हे दोन वर्षांत मी एकदाही विचारलं नाही,' आणि आपली सही केली.