मालक विचारणारा माणूस

बसण्याआधी खुर्ची रुमालाने झटकायची आणि बसल्याबरोबर विचारायचं, "याचा मालक कोन?" ही त्याची रीत. तो एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीचा आमच्या भागातला माणूस. मी हिंगोलीच्या एका हळद संस्थेत संगणक सांभाळतो. लिलावाचा प्रोग्राम मी मुक्त भाषेत लिहिला होता. म्हणजे कुणीही घ्यावी, वापरावी, बदलावी अशी भाषा. हेच त्याला खुपायचं.

"सर, उद्या ही भाषा बिघडली तर कोनाची गचांडी धरनार तुमी?"

"माझी धरा. मी इथंच असतो."

"पन तुमी मालक न्हाई ना!"

असल्या माणसाशी काय बोलणार, तुम्हीच सांगा. वर चहा माझाच प्यायचा.

शेवटी संस्थेच्या अध्यक्षांना कंपनीचं नाव भारी वाटलं आणि माझा प्रोग्राम बंद होऊन कंपनीचा आला.

आमच्याकडे बोली लागली तरी भाव पटला नाही तर शेतकरी 'न्हाई देत' म्हणतो, आणि तोच ढीग दुसऱ्या दिवशी पुन्हा लिलावात येतो. कंपनीच्या प्रोग्रामला हे ठाऊकच नव्हतं. बोली लागली की माल विकला! मी त्याला म्हटलं, बदला. तर म्हणे, "आतलं फकस्त कंपनीलाच उघडता येतं. कळवून राहिलो ना." नुसता डोक्याला ताप! एकदा हळूच म्हणाला, "वरचे साहेब म्हनतात, दुरुस्ती केली तर आपुन चुकलो असं व्हईल."

मग आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावकडच्या तांड्यावरची एक बाई हळद घेऊन आली. तिने भाव नाकारला, तरी विक्रीची पावती निघाली. हमाल तिचा ढीग व्यापाऱ्याच्या पोत्यांत भरू लागले, तशी ती ढिगावरच जाऊन बसली.

"वर्साची मेहनत हाय माझी. न्हाई म्हनलं ना मी?"

व्यापारी पावती नाचवत होता. अध्यक्षांनी तिथंच उभ्या असलेल्या कंपनीच्या माणसाकडे पाहिलं. कंपनीची बाजू सांभाळणं हेच तर त्याचं काम. त्याने घाम पुसला.

"बाई बराबर हाय. आमचा प्रोग्राम चुकला."

त्याला मिठी मारावीशी वाटली मला. मारली नाही, याची अजून चुटपुट लागते.

बाईची हळद तिला मिळाली. माझा प्रोग्राम पुन्हा सुरू झाला. त्याची मात्र नोकरी गेली. फोन लागत नाही, आणि तो कुठे आहे हे कुणाला माहीत नाही.

परवा त्याच्या जागेवरचा नवा माणूस आला. "आमची कंपनी आता मुक्त भाषाच वापरते. खरं तर पहिल्यापासून आम्ही त्याच बाजूचे," तो हसत म्हणाला. "आधीच्या माणसानं तुम्हाला चुकीचं सांगितलं असेल."

माझं डोकंच फिरलं.

"चुकीचं पुष्कळ सांगितलं त्यानं," मी म्हटलं. "तुम्ही त्याला काढलं ते खरं सांगितल्यावर."